त्रेसष्टावा तुकडा

कोळसा ओळखण्यात ओदिलेयाचा हात धरील असं माणूस सगळ्या पारा प्रांतात नव्हतं, आणि ही गोष्ट तिला दुसऱ्या कुणी सांगावी लागत नव्हती. मराबा गावात नदीच्या अंगाला वनखात्याचं आवार होतं. त्यात पार मागे, जप्त केलेल्या ट्रकांच्या रांगेपलीकडे, तिची दोन खोल्यांची प्रयोगशाळा. तिथे ती सव्वीस वर्षं बसत होती. लग्न केलं नव्हतं, मैत्रिणी केल्या नव्हत्या. नखांच्या कडेची काळी रेघ कितीही घासली तरी जात नसे, म्हणून चर्चमध्ये बायका तिच्याशी हात मिळवताना जरा बिचकत. तिला त्याचं काही वाटत नसे. त्या बायकांना दाराचं लाकूड कुठलं आणि खुर्चीचं कुठलं हेही सांगता आलं नसतं.

लोखंडाच्या कारखान्यांना कोळसा लागे आणि तो ट्रकांनी येई. कागदावर दर वेळी एकच मजकूर असे: निलगिरी, लागवडीची. ट्रक अडवला की शिपाई पोत्यांमधून हाताला येतील ते शंभर तुकडे काढत आणि तिच्या टेबलावर आणून ओतत. लाकडाचा पातळ काप काढता येतो. कोळशाला सुरी लावली की भुगा होतो. तो मोडावा लागतो. ओदिलेया तुकडा दोन अंगठ्यांत धरून कटकन मोडी, ताजी मोड वर करून वाळूच्या वाटीत बसवी आणि वाटी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवी. झाड जळलं तरी त्याची आतली घडण जात नाही. मुळांचं पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची तोंडं तशीच उघडी राहतात, त्यांच्यामधल्या बारीक रेघाही तशाच. निलगिरीच्या नळ्या तिरक्या रांगेत एकेकट्या उभ्या असतात. कास्तान्येराच्या रेघा एकमेकींना छेदून बारीक जाळी विणतात. कास्तान्येराच्या बिया जगभर खातात आणि ते झाड तोडायला कायद्याने बंदी आहे. ट्रकांमधून निम्म्याहून जास्त तेच निघे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तौआरी या कोळशाच्या भट्ट्यांच्या वस्तीवरचा एक ट्रक सापडला. बासष्ट तुकडे झाले तोवर ओदिलेयाने चाळीस कास्तान्येरा लिहिले होते आणि तिला कंटाळा आला होता. त्रेसष्टावा तुकडा हातात घेतला तशी ती थांबली. तो दगडासारखा जड होता. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, एका टोकाला बेचक्यासारखा फुटलेला, आणि त्यात बोट जाईल एवढं गोल भोक पाडलेलं.

तिने त्याचं भोक नसलेलं टोक मोडलं आणि पाहिलं. नळ्या बारीक आणि दाट. बाजूची मोड पाहिली तर रेघा एकावर एक थरात, कौलं रचावीत तशा. शिसवाच्या कुळातलं होतं ते. पण पाराच्या जंगलातल्या शिसवाच्या नळ्या मोठ्या आणि विरळ असतात. हे व्हायोलेता होतं. जांभळ्या रेषांचं हे लाकूड सेआरात, हजार किलोमीटर पूर्वेला, कोरड्या माळावर होतं. पारात ते कधी कुणाला सापडलं नव्हतं.

ओदिलेयाने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पाहिलं. तिच्या मनात एकच गोष्ट आली. ते झाड इथेही असेल तर ते पहिल्यांदा तिने शोधलं असं होईल, आणि तिचं नाव छापून येईल. भोक तिने पाहिलं होतं. पण भोकावरून जात ठरत नाही, म्हणून तिने त्याचा विचार केला नाही.

तीन दिवसांनी खात्याची जीप घेऊन ती स्वतः तौआरीला गेली.

विटांच्या घुमटासारख्या चाळीस भट्ट्या दोन रांगांत धुमसत होत्या. प्रत्येकीवर चुन्याने नंबर. जेवणाची वेळ होती. पत्र्याच्या छपराखाली भट्टीवाले बाकड्यांवर बसले होते आणि लिंदाल्वा नावाची एक हाडकुळी बाई त्यांच्या ताटांत घेवड्याची उसळ आणि मानियोकच्या कंदाचं पीठ वाढत होती.

"लिंदाल्वा, थोडं पीठ जास्त टाक ना," एक जण म्हणाला. "तुझा लंगडा गेल्यापासून एका माणसाचं उरत असेल."

"त्याच्या वाटचं कुत्र्याला घालते मी."

"पण काय म्हण, एका पायावर एवढा लांब पळाला. दोन असते तर पोर्तुगालला पोचला असता."

सगळे हसले. लिंदाल्वाही हसली, पण फक्त तोंडाने. हे रोजचं असावं. भट्ट्यांचा मुकादम अदाउतो तिचा सख्खा भाऊ होता. तो ताटात मान घालून जेवत राहिला.

ओदिलेयाने ओळख करून दिली आणि पिशवीतून तुकडा काढला. "हे झाड इकडे कुठे आहे का, एवढंच विचारायला आलेय मी. लाकूड आतून जांभळट असतं. झाड फार मोठं होत नाही. कुणी तोडलंय का?"

तुकडा हातोहात फिरला. पहिल्या दोघांनी मान हलवली. तिसऱ्याने तो उलटा करून बेचकं पाहिलं, भोक पाहिलं, आणि घाईने पुढे दिला. अदाउतोने तो हातात घेतलाच नाही. नुसता बोटाने पुढे ढकलला.

लिंदाल्वाने पळी ठेवली, हात पदरासारख्या ॲप्रनला पुसले आणि तुकडा घेतला. तिचा अंगठा सरळ त्या भोकात गेला, जणू तिथे नेहमीच जात असावा.

"हे कुठे मिळालं तुम्हांला?"

"कोळशात. तुमच्याच ट्रकमध्ये."

"कोळशात म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्या लाकडाबरोबर भट्टीत जळलं," ओदिलेया म्हणाली. नीट समजावं म्हणून ती सावकाश बोलत होती. "पोत्यावर चौदा नंबर होता. म्हणजे चौदा नंबरच्या भट्टीत."

"ही एक्सपेदितोची कुबडी आहे," लिंदाल्वा म्हणाली. "या भोकातून चामड्याचा पट्टा होता. लग्नाच्या आधी त्याने सेआरात स्वतः केलेली."

"टाकून दिली असेल," अदाउतो पटकन म्हणाला. "त्या अत्तरवालीने नवी घेऊन दिली असेल ॲल्युमिनियमची. मी सांगितलं ना तुला, बसमध्ये चढताना पाहिलं मी दोघांना."

"कुबडीशिवाय चढला?"

"तिने धरलं होतं."

कुणीतरी हसलं आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबलं. ओदिलेयाला एवढंच कळलं की झाड इथलं नाही. तिची घोर निराशा झाली. तिने तुकडा मागून घेतला. लिंदाल्वाने तो लगेच सोडला नाही. ओदिलेयाला जरा ओढावा लागला.

"सरकारी नमुना आहे," ती म्हणाली.

चार दिवसांनी लिंदाल्वा बसने मराबाला आली. सकाळपासून आवाराच्या फाटकाशी उभी होती. दुपारी शिपायाने आत सोडलं. तिने फडक्यातून लसूण कुटायचा लाकडी बत्ता काढला. इतक्या वर्षांच्या वापराने तो गुळगुळीत आणि जांभळा-काळा झाला होता.

"कुबडीच्याच फांदीचा आहे. तेव्हाच केला होता त्याने, माझ्यासाठी. तुम्ही आतलं बघता ना? बघून सांगा, दोन्ही एकच आहेत का."

"हा जाळावा लागेल. कोळशाशी कोळसाच ताडून बघता येतो."

"सगळा?"

"अर्धा," ओदिलेया म्हणाली, आणि लिंदाल्वाचं उत्तर येण्याआधीच तिने बत्ता शिकंज्यात आवळून करवत चालवली. जांभळा भुसा टेबलावर पडला. गुलाबासारखा वास सुटला. लिंदाल्वाने तो भुसा तळहाताने गोळा केला आणि फडक्यात बांधला.

विजेच्या छोट्या भट्टीत अर्धा बत्ता तापत असताना लिंदाल्वा बोलत राहिली. "संत ज्वांवच्या सणाच्या आदल्या दिवशी गेला तो. अदाउतोने सांगितलं, अत्तरं विकायला येते ना ती, तिच्याबरोबर गेला. मी खरं मानलं. आठवड्याने संत पेद्रोच्या सणाच्या शेकोटीत त्याचे सगळे कपडे टाकले मी. सगळ्यांसमोर. बुटाची जोडीसुद्धा, एक न वापरलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला शिव्या दिल्या बाई, दीड महिना, उठता बसता. देवाकडे मागितलं की तो कुठे असेल तिथे सडून मरो."

"त्यांचं पूर्ण नाव काय?" ओदिलेयाने विचारलं. अर्जावर लिहायला हवं होतं.

"एक्सपेदितो मारिन्यो दा सेर्रा."

ओदिलेयाचा पेन थांबला. तिची नावांची आठवण चांगली नव्हती, पण अक्षरांची होती. हे नाव तिने स्वतः लिहिलं होतं.

लिंदाल्वाला बाहेर बाकावर बसवून तिने कपाट उघडलं. जून महिन्याची फाइल. वहीच्या पानात गुंडाळलेला कोळशाचा तुकडा आणि पानावर गोल, मेहनतीने काढलेलं अक्षर: 'बाई, हे लोक याला निलगिरी म्हणतात. मी सुतारकाम केलेला माणूस आहे, मला हा कास्तान्येरा वाटतो. तपासून सांगा. झाडं कुठे पडलीत ते मी दाखवीन. माझं नाव मात्र कुणाला कळू देऊ नका.' खाली तिने टाचलेला तिचा स्वतःचा अहवाल. कास्तान्येरा, निःसंशय. नियमाप्रमाणे एक प्रत तक्रारदाराला आणि एक भट्ट्यांचे मालक वाल्देसीर फाल्कावं यांना, खुलाशासाठी. छापील फॉर्मवर तक्रारदाराच्या नावाचा रकाना होता. तो तिने भरला होता. रकाना रिकामा ठेवणं तिला कधी जमलं नव्हतं. शेवटी पोचपावती: मालकाची ऐटबाज सही, तारीख एकोणीस जून. संत ज्वांवच्या आदला दिवस म्हणजे तेवीस.

ती तशीच उभी राहिली. मग खुर्चीत बसली. तिला एक्सपेदितोचा चेहरा माहीत नव्हता, त्यामुळे डोळ्यांपुढे काही आलं नाही. पहिला विचार आला तो संचालकांचा. दुसरा पेन्शनचा, आणि तिसरा, सव्वीस वर्षांत आपली एक चूक निघाली नाही, हा. ती चूक होती का? नियम तिने केलेला नव्हता. फॉर्म तिने छापलेला नव्हता. बाहेर लिंदाल्वा शिपायाशी बोलत होती, तिचा आवाज दारातून येत होता.

कागद फाडणं ओदिलेयाच्या स्वभावात नव्हतं. तिने ती फाइल उचलली आणि आतल्या खोलीत, वाळवी लागलेल्या जुन्या नमुन्यांच्या खोक्यांखाली सारली. मग हात धुतले आणि बत्त्याचा कोळसा मोडून बघायला बसली.

"एकच जात आहे," तिने बाहेर येऊन सांगितलं. "व्हायोलेता. एकाच फांदीचं आहे असं मी लिहू शकत नाही, तेवढं आतून दिसत नाही. पण हे झाड इथे उगवत नाही."

लिंदाल्वाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "म्हणजे तो गेला नव्हता," ती म्हणाली. "मला सोडून गेला नव्हता." आणि मग, "तिथे दीड महिना मी स्वयंपाक करत होते. चौदा नंबरपासून वीस पावलांवर. त्या भट्टीतला कोळसा चुलीला आणत होते."

ओदिलेयाने तिला पाणी दिलं.

पुढचं लवकर झालं. पोलीस तौआरीला गेले. एक्सपेदितो गेला त्या दिवशी चौदा नंबर कुणी लावली हे विचारल्यावर एका भट्टीवाल्याने सांगितलं की सणाची सुट्टी म्हणून मुकादमाने सगळ्यांना दुपारीच घरी पाठवलं आणि एकटा मागे राहिला. अदाउतो दुसऱ्या दिवशी फुटला.

"मी मारलं नाही," तो म्हणाला. "ताडपत्रीत गुंडाळून आणलं होतं. मालक म्हणाले, दार लिंप आणि पेटव, आत बघू नको. मी बघितलं नाही. पण कळलं मला, कुबडी बाहेरच पडली होती. ती मग वरच्या भोकातून आत टाकली."

"बहिणीचा नवरा होता तुझा."

"होय. म्हणून तर बघितलं नाही."

एप्रिलमध्ये खटला उभा राहिला. मालक वाल्देसीर इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टात आला. त्याच्या वकिलाचं म्हणणं साधं होतं: आमच्या अशिलाचं त्या लंगड्याशी वाकडं असायचं कारणच काय? तो काय करतो, कुणाला लिहितो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मुकादमाने घरगुती भांडणातून मेव्हण्याला संपवलं आणि आता मालकाचं नाव घेतोय.

ओदिलेया साक्षीला उभी राहिली. नळ्या, थरातल्या रेघा, शिसवाचं कुळ, सगळं तिने असं सांगितलं की ज्यूरीतली माणसं पुढे झुकून ऐकू लागली. वकिलाने चिमटा काढून पाहिला. "काळ्या कोळशात तुम्हांला जांभळा रंग दिसतो म्हणता, बाई?"

"रंग मी म्हटलेलाच नाही. तुम्ही ऐकत नव्हता. मी घडण म्हटलं."

कोर्टात हशा पिकला. तिला बरं वाटलं. मग न्यायाधीशांनी विचारलं, "त्या वस्तीबद्दल या मृत माणसाने, किंवा आणखी कुणी, आधी तुमच्या खात्याकडे काही तक्रार केली होती का? मालकांना त्याबद्दल कळवलं गेलं होतं का?"

लिंदाल्वा पहिल्या बाकावर होती. अदाउतो बेड्यांत, खाली बघत. वाल्देसीर मात्र सरळ ओदिलेयाकडे पाहत होता. त्याला ती पोचपावती आठवत होती. ती कुणाकडे असणार हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"माझ्याकडे फक्त लाकूड येतं," ओदिलेया म्हणाली. "तक्रारींचं मला माहीत नाही."

वाल्देसीरने खिशातून रुमाल काढला आणि कपाळ टिपलं.

अदाउतोला अठरा वर्षांची शिक्षा झाली. मालक पुराव्याअभावी सुटला. बाहेर पायऱ्यांवर तो ओदिलेयाजवळून गेला तेव्हा त्याने हॅट किंचित उचलली, जशी ओळखीच्या माणसाला उचलतात.

लिंदाल्वाला तौआरीवर आता काम कोण देणार? भावाची बायको रस्त्यात तिच्या पायाशी थुंकली. सेआराहून आईचा निरोप आला: नवरा गेला तो गेलाच होता, भावाला कशाला तुरुंगात पोचवलंस, आता पत्र पाठवू नकोस. ती मराबाला येऊन एका खानावळीत भांडी घासू लागली. महिन्यातून एकदा ओदिलेयासाठी घरी केलेलं काहीतरी घेऊन येई. मानियोकचा केक, कधी तळलेला मासा. "तुम्ही नसता तर मी त्याला शिव्या देतच मेले असते," असं दर वेळी म्हणे. ओदिलेया डबा ठेवून घेई.

सप्टेंबरमध्ये लिंदाल्वाने विचारलं. "बाई, कोर्टाचं काम संपलं ना? तो तुकडा मला द्याल का? पुरायला दुसरं काही नाहीच माझ्याकडे. हाडंही नाहीत. पाद्री म्हणाले, त्याच्या हातातली वस्तू चालेल, ते प्रार्थना म्हणतील."

तुकडा दोनच हातांवर होता, नमुन्यांच्या खणात, नंबर घातलेला. कोर्टाने तो खात्याच्या संग्रहाला दिला होता. ओदिलेयाचा लेखही छापून आला होता आणि त्यात त्या तुकड्याचा फोटो होता. तो बाहेर काढायचा तर अर्ज लागे, अर्ज संचालकांकडे जाई, आणि संचालक त्या वस्तीचे सगळे कागद मागवत. मागच्या जूनपासूनचे.

"उद्या ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने टाकाऊ कोळशाच्या बादलीतून साधारण त्या आकाराचा एक तुकडा निवडला. कास्तान्येराचा होता. पाहायची गरज नव्हती, तरी सवयीने तिने मोड पाहिली. तो कापसात ठेवून खोक्यात घातला.

लिंदाल्वाने खोकं उघडून तुकडा तळहातावर घेतला. अंगठा त्याच्यावरून फिरवला.

"भोक नाही याला."

"तो भाग तपासणीत मोडला. हा उरलेला."

लिंदाल्वाने हात थोडा वरखाली केला, वजन बघावं तसा. "हलका लागतोय. तेव्हा जड होता."

"कोरडा झाला की हलका होतो," ओदिलेया म्हणाली.

लिंदाल्वाने तिच्याकडे पाहिलं. सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं, भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे पाहिलं. "तुम्हांला माहीत," ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने ओदिलेयाचा काळ्या नखांचा हात ओठांना लावला.

रविवारी पुरणं झालं. लिंदाल्वाचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ओदिलेयाला जावं लागलं. खानावळीतल्या दोन बायका, पाद्री आणि खड्डा खणणारा, एवढीच माणसं. चपलांच्या खोक्याएवढी पेटी. लिंदाल्वाने त्यात तुकड्याशेजारी जांभळ्या भुशाची पुरचुंडी ठेवली आणि गुडघ्यांवर बसून पेटीशी बोलू लागली. शिव्यांची माफी मागत होती, एकेक शिवी आठवून, त्याला ऐकू जावी अशा आवाजात. कपड्यांची मागितली. बुटांचीही मागितली. फार वेळ चाललं ते. ऊन चढलं होतं. पाद्रीने दोनदा घड्याळ पाहिलं.

नंतर खानावळीच्या मागच्या अंगणात कॉफी आणि केक होता. लिंदाल्वाचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. "आता माझ्याजवळ आहे तो," ती सगळ्यांना सांगत होती. "रोज जाता येईल."

केक चांगला झाला होता, नारळ घातलेला. ओदिलेयाने आणखी एकदा मागून घेतला, आणि तीनच्या बसने ती घरी गेली.